पळालेलं इंजिन आणि रामटेके भाऊ

आमच्या चंद्रपूरच्या आगारातले निवृत्त मुख्य कारागीर श्री. शामराव रामटेके यांनी यंदा पंच्याहत्तरी गाठली. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुढे इंजिनचं नाक असलेल्या एका जुन्या बसच्या त्या नाकात कमरेपर्यंत शिरलेले होते. माझा हजर होण्याचा कागद त्यांनी पाहिलाच नाही. म्हणाले, "आदी आयक. कोणता सिलिंडर कमी मारून राह्यला, सांग." मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. तिसऱ्याचा ठोका चुकत होता. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य.

नाकवाल्या गाड्या गेल्या, चपट्या तोंडाच्या आल्या. त्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी झाकणाखाली असे. आता इंजिन मागे असतं आणि बिघाड संगणक सांगतो. भाऊंनी प्रत्येक मॉडेलची वेगळी वही ठेवली. कोणती गाडी कोणत्या चढावर तापते, कुठला नट कोणत्या हाताने खोलायचा, सगळं त्यात. त्या वह्या त्यांनी कधी कुलपात ठेवल्या नाहीत.

आगारात नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की भाऊंनी एकदा पळालेलं इंजिन थांबवलं. पण ती अर्धीच सांगितली जाते. उरलेली मला सांगायची आहे.

सिरोंचाला एक गाडी बंद पडली होती. ती दुरुस्त करायला भाऊ आणि मी भर दुपारी प्रवाशांच्या बसनेच निघालो. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या चढावर आमच्या गाडीचा आवाज अचानक चढला. ड्रायव्हर लक्ष्मणभाऊंनी पाय काढला तरी आवाज वाढतच राहिला. बाहेर पांढऱ्या धुराने रस्ता दिसेना. लक्ष्मणभाऊंनी गाडी कशीबशी थांबवली आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढला.

"भाऊ, बंदच नाई होऊन राह्यली," ते म्हणाले. इंजिन अडकून बंद पडावं म्हणून गिअर टाकून, ब्रेक दाबून पाहिलं. क्लच जळाल्याचा वास आला, इंजिन थांबलं नाही.

ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या झाकणावर एक म्हातारी बाई गठुडं घेऊन बसली होती. भाऊंनी तिला दंडाला धरून उठवलं. "लक्ष्मण, लोकाइले उतरव. दूर ने. प्रमोद, तू इथीच थांब."

काय झालंय ते मला कळलं होतं. त्या मॉडेलच्या एअर क्लीनरमध्ये धूळ धरायला तेल असे. ते निशाणीपर्यंतच घालायचं. जास्त झालं तर इंजिन हवेबरोबर ते तेल ओढतं, त्यावरच पळतं, आणि शेवटी फुटतं. त्या सकाळी तेल मी घातलं होतं.

भाऊंनी झाकण उघडलं. बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी पेचकस दिला. हवेच्या नळीची पट्टी ढिली करायला त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात सगळी माणसं उतरली होती. नळी उपटून त्यांनी हवा तोडायला हत्यारांच्या पेटीतली फळी इंजिनच्या उघड्या तोंडावर दाबली. गाडी थरथरली. मग आवाज तुटला. भाऊंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

त्यांनी एअर क्लीनरचं तेलाचं भांडं खोलून पाहिलं. "सकाळी कोनं भरलं?"

"मी. निशाणी दिसली नाई भाऊ. अंदाजानं घातलं."

त्यांनी डाव्या हाताचं बोट भांड्याच्या आत निशाणीच्या जागी फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आगाराच्या साहेबांनी भाऊंकडे अहवाल मागितला. साहेबच म्हणाले, इंजिन जुनं होतं एवढंच लिहा, कोणाचं काही जाणार नाही. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. मी भाऊंना बाहेर गाठून हात जोडले.

"मले खोटं लिवता येत नाई," ते म्हणाले. "पण अर्धं बी नाई लिवणार."

पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी लिहिलं: "तेल प्रमोदने जास्त घातलं. भांड्यावरची निशाणी पुसली गेली होती. ती नव्याने रंगवून घेण्याची जबाबदारी मुख्य कारागिराची, म्हणजे माझी. तपासणीच्या कागदावर सही माझी. भांडं मी उघडून पाहिलं नव्हतं."

मला ताकीद मिळाली. भाऊंची त्या वर्षी होणारी बढती अडली आणि पुढे कधी झाली नाही. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही; माझं नाव लिहिलं याचा राग होता. आठवड्याने त्यांनी माझ्यासमोर लाल रंगाचा डबा ठेवला. "चाल, साऱ्या गाड्याच्या निशाण्या रंगवू." डाव्या हाताने ते माझ्याबरोबर रंगवत राहिले. तिसऱ्या गाडीपाशी माझा राग संपला आणि लाज वाटू लागली.

एवढ्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. म्हणून आज मी काढतो. त्या बसमधलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना कळावं, चूक माझी होती, आणि ती निस्तरून वर अर्धी स्वतःच्या नावावर घेणारे भाऊ होते. त्यांना निरोगी आणि खूप मोठं आयुष्य मिळो. त्यांच्या वाट्याचं जे माझ्यामुळे गेलं, ते आयुष्याच्या रूपाने तरी त्यांना पुरेपूर मिळावं.