शंखाची सोडत

“म्हंजी चोरच ठरली ना ती?” मच्छीमार सोसायटीचे चेअरमन महादूशेठ म्हणाले. मी पेन्सिल अजून खालीही ठेवली नव्हती.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. सरकारी आकडेवारीच्या ऑफिसात मी असिस्टंट होतो. शिपाई म्हणून लागलो, रात्रशाळा करून वर चढलो. साहेबांनी मला थळच्या पुढच्या एका कोळीवाड्यात, तिथल्या भांडणाचा रिपोर्ट करायला पाठवलं होतं.

भांडण खुंटांचं होतं. समुद्रात रोवलेल्या या खुंटांना डोलजाळी बांधतात. पहिल्या खुंटाला मासळी जास्त, म्हणून दरवर्षी सोडत. डोळे बांधून पाटील गाडग्यात हात घालतो. ज्या घराची खूण आधी हाती येईल, त्याचा पहिला खुंट; पुढचे त्याच क्रमाने. हिराबायच्या घराला तो फार वेळा मिळाला होता. नवरा होता तोवर कोणाला खटकलं नाही. आता ती विधवा, आणि पाटील तिचा चुलत दीर, म्हणून दोघांचं संगनमत असल्याचा बोभाटा. तिला सोडतीतूनच काढायचं घाटत होतं. मग तिची होडी किनाऱ्यालाच.

सोसायटीच्या वहीतल्या जुन्या सोडतींवर मी काय-स्क्वेअर टेस्ट लावली. सोडत सरळ असेल तर पहिला खुंट सगळ्या घरांना साधारण सारखा मिळायला हवा. थोडा फरक नशिबाचा. फरकांचे वर्ग करायचे, अपेक्षित आकड्याने भागायचे, बेरीज करायची. बेरीज फारच मोठी आली, तर नशिबावर ढकलता येत नाही. इथे ती मोठी आली.

“सोडत सरळ नाही, एवढंच,” मी म्हणालो.

“मंग तीच चोर!”

मी भडकलो. “टेस्टमधून कोणाचं नाव निघत नाही, शेठ! गाडगं आणा. नाहीतर सगळ्यांचेच खुंट रद्द करा असं लिहितो. तुमचाही.”

गाडगं लगेच आलं. प्रत्येक घराची पिढीजात खूण त्यात होती. मी डोळे बांधून हात घातला. शंख आला. पुन्हा घातला. शंखच. बाकीच्यांच्या कवड्या आणि चिंचोके. हिराबायच्या घराचा मुठीएवढा शंख, तोच आधी हाताला लागणार.

“माज्या सासऱ्याच्या बापाचा हाय तो,” ती कडाडली. “मी काय त्याला खाऊ घालून वारवला?”

सगळे हसले. पाटील सगळ्यांत मोठ्याने.

मी अट घातली: सारख्या सुपाऱ्या, त्यांवर घरांच्या खुणा, हिराबायची सुपारी त्यात, आणि सोडत आत्ताच. महादूशेठनी बरीच घासाघीस केली, पण मी हललो नाही. हिराबायला शेवटून दुसरा खुंट आला. शंख पदरात बांधत ती म्हणाली, “मासली कमी खाईन, सायेब. शिव्या नाय खायच्या.”

रिपोर्टवर साहेबांनी एकट्याची सही ठोकली. ते मला अजून डाचतं. आकडे जुळत नाहीत, एवढंच काय-स्क्वेअर सांगते. का जुळत नाहीत, ते जागेवर जाऊन बघावं लागतं. आणि जाणाऱ्याचं नाव रिपोर्टात येत नसतं.