आडवी डुलणारी खुर्ची

डुलती खुर्ची पुढे-मागे डुलते, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या घरची डावीकडून उजवीकडे डुलायची. आल्यागेल्याला हे आधी सांगून ठेवायची मला इतकी लाज वाटे, की मी सांगतच नसे. मग व्हायचा तो घोटाळा होई.

आमचं घर वेंगुर्ल्याला, बंदराच्या वाटेवर. बाबा तांडेल होते, म्हणजे होडी आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या शब्दावर चालत. आये गावात फिरून मासे विकायची. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्या वर्षी पावसाआधी होडी वाळूवर ओढून घेताना खालचा ओंडका सटकला आणि होडी बाबांच्या मांडीवर आली. हाडवैद्याने हाड बसवलं, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच. काठी टेकत अंगणापर्यंत जाता येई, होडीत चढता येत नसे. आपली होडी दुसऱ्या कुणाच्या हातात बघवणार नाही म्हणून त्यांनी ती मोडायला लावली. लाकडं घरामागे रचून ठेवली.

पायाचं दुखणं त्यांनी सोसलं. गेली ती झोप. मिसरूड फुटायच्या आधीपासून पाण्यावर वाढलेला माणूस, बाजेवर पडला की छताकडे बघत राही. "जमीन हलना नाय," म्हणत. मला हसू येई. जमिनीने हलायला लागावं, अशी कुणी अपेक्षा करतं का? पण दोन महिन्यांत त्यांचे डोळे खोल गेले. बोलणं कमी झालं, आणि जे राहिलं ते नुसतं खेकसणं. पुढ्यात ठेवलेली पेज निवून जाई. एकदा आये चुलीपुढे बसल्या बसल्या मला म्हणाली, "गो, ह्यो माणूस असो जागोच मरतलो." तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आये ज्या घरांना मासे घाली, त्यात एक वकिलांचं घर होतं. त्यांच्या ओटीवर त्यांच्या वडिलांच्या वेळची शिसवी डुलती खुर्ची होती, वेताने विणलेली, हात हरणाच्या मानेसारखे गुळगुळीत. जेवण झालं की वकील तिच्यात बसत, वर्तमानपत्र छातीवर पसरत आणि डुलता डुलता घोरू लागत. आये मागील दारी पाटी उतरवून उभी असे. तिथून माजघरापलीकडे तिला ती खुर्ची दिसे, तीही पाठमोरी. ती इकडे-तिकडे हलते आणि माणसाला झोप लागते, एवढंच तिला कळलं होतं. मी मात्र वकिलांच्या मुलीच्या वर्गात होते. एकदा वही मागायला गेले तेव्हा ओटीवर कुणी नाही असं बघून मी तिच्यात चांगले दहा-बारा हेलकावे घेऊन आले होते. त्यामुळे डुलत्या खुर्चीतलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

आये मेस्तांकडे, म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुतारांकडे, गेली. हे बाबांचे लहानपणचे सोबती, गावातल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. खुर्ची त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि वकिलांच्या ओटीवर त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. आयेने सांगितलं, "खुर्ची होयी. बसलो की डुलाक होयी, होडीसारख्या." मेस्त म्हणाले, "इतक्याच ना?"

त्यांनी बाबांच्या मोडलेल्या होडीतल्या दोन वाकड्या फासळ्या निवडल्या. या फासळ्या होडीच्या पोटात आडव्या असतात, एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे. मेस्तांनी त्या खुर्चीखालीही तशाच आडव्या बसवल्या, एक पुढच्या पायांना, एक मागच्या. होडीची फासळी कशी बसते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

खुर्ची पडवीत आणून ठेवली तेव्हा शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या. मेस्तांनी हाताने ढकलून दाखवली. खुर्ची एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला. मी जी हसत सुटले, ती थांबेचना. "ही आडयी डुलता! वकिलांची अशी नाय! मेस्तांनी उलटी केल्यानी!" माझं बघून बायकाही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एकजण म्हणाली, "हेच्यात बसलो तर देवाक सुद्धा चक्कर येतली." आयेने माझ्या पाठीत धपाटा घातला. मेस्तांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढला आणि फासळ्या उचकटायला खाली वाकले.

"हात लावू नको रे," बाबा म्हणाले.

कित्येक दिवसांत ते इतकं सरळ बोलले नव्हते. काठी टेकत आले, बसले, आखूड पाय पुढे सोडला आणि जमिनीला टाच लावून खुर्ची हलवली. दोन-चार वेळा कललेली खुर्ची बघून बायका पुन्हा खुसखुसल्या. मग गप्प झाल्या, कारण बाबांची मान खांद्यावर आली होती. भर दुपारी, एवढ्या माणसांत, ते गाढ झोपले. आये दारातल्या कावळ्यांना हाकलत आणि डोळे पुसत उभी राहिली.

त्यानंतर बाबा रोज तिथेच झोपत. पेज पोटात जाऊ लागली, खेकसणं कमी झालं. सारवलेल्या पडवीत फासळ्यांचे दोन आडवे चर पडले. आये दर आठवड्याला ते शेणाने भरून काढी आणि ते पुन्हा पडत. मेस्त मात्र दर नारळी पुनवेला वाकस घेऊन दारात येत. "आता तरी सरळ करून देव काय?" बाबा मान हलवून नको म्हणत.

मी सातवीची फायनल पास होऊन मास्तरीण झाले, तरी त्या खुर्चीची लाज काही गेली नाही. मला बघायला आलेल्या एका मुलाचे मामा ऐटीत तिच्यात बसले, पाठीला रेलायला गेले आणि कुशीवर कलले. कपातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. सोयरीक फिसकटली. कारण दुसरंच होतं, पण मी सगळं खापर खुर्चीवर फोडलं.

पुढे वकील वारले. मुलं मुंबईला, घर बंद करायचं ठरलं. ती शिसवी खुर्ची मी मागून घेतली आणि बैलगाडीतून घरी आणली. बाबांना एकदाची खरी डुलती खुर्ची मिळाली, म्हणून मी तोऱ्यात होते. बाबा तिच्यात बसले, दोन्ही हात घट्ट धरून. "बरी आसा गो," म्हणाले. चार दिवस माझ्या समाधानासाठी बसले. त्या चार दिवसांत त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी ते पुन्हा आडव्या खुर्चीत.

माझं डोकं फिरलं. "बाबा, माणसां हसतत त्या खुर्चीक. मी इतक्या हौसेन हाडलंय, ती नको काय?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुझी खुर्ची फुडे-मागे जाता गो. होडी तशी कधी हलता? भायर पडताना. समोरसून लाट येता, तोंड वर जाता, खाली येता. डोळे मिटलंय की वाटता, सगळे भायर पडले आणि मी पण जातंय. उघडलंय की मी हंयच."

"आणि ही?"

"ही नांगरार आसा. मासे उतरून झाले, माणसां घराक गेली, की होडी अशीच कुशीर हलत ऱ्हवता. आता काय करूचा नाय. म्हणान झोप लागता."

दहा वर्षं मी ज्याला चूक म्हणत होते, त्यावर माझा बाप जगला होता.

तशीच उठून मेस्तांकडे गेले. ते एका होडीची फासळी तासत होते. बाबा जे म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि त्या दिवशी हसल्याबद्दल माफी मागितली. मेस्तांनी हातातला वाकस खाली ठेवला.

"झोप लागता ता माका दिसायचा," ते म्हणाले. "पण माका वाटायचा, चार माणसांत माझा हसू झाला म्हणान तो डोळे मिटून सोंग करता. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले, पहिल्यांदाच वाकस न घेता. बाबा झोपले होते. आये उठवायला निघाली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. वकिलांची खुर्ची बाबांच्या शेजारी ओढून घेतली आणि बाबा जागे होईपर्यंत तिच्यात बसून राहिले.