प्रोसेसर बदलण्याआधी

उन्हाळा लागला की आमचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. नागपूरच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला तो वस्तीच्या वर्गणीतून आणून विहाराशेजारच्या खोलीत ठेवला होता. आला तेव्हा असा तगडा प्रोसेसर आमच्या अख्ख्या तिरोडा गावात नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. आता तोच धापा टाकत होता.

वस्तीत वाटायचं आमचं पत्रक कुणी एकट्यानं लिहायचं नाही, अशी रीत होती. मी मसुदा मोठ्यानं वाचायचो, लोक हरकती घ्यायचे, वडील तिथल्या तिथे पडद्यावर दुरुस्ती करायचे. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीचं पत्रक बिड्या बांधणाऱ्या बायांच्या मजुरीवर होतं. भर वाचनात पडदा काळा झाला.

"मशीन गरम झाली का तुहा मजकूर?" एक शेजारीण म्हणाली. सगळे हसले. जयंती तोंडावर आली होती.

गोंदियाच्या दुकानदारानं कॉम्प्युटरचा डबा उघडून बघितला. "भैया, अपने जमाने का राजा था. अब प्रोसेसर बदलोगे तो बोर्ड भी नया लगेगा." नव्या बोर्डाला जुनं प्रिंटर पोर्ट नव्हतं. आमच्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल त्याच पोर्टात बसायचं. ते बोटभर कुलूप लावल्याशिवाय एकही जुनं पत्रक उघडत नसे.

जुन्याला कवटाळणाऱ्यांवर मी पत्रकांचे मसुदे लिहिले होते. विहारातल्या बैठकीत मी ठासून सांगितलं, "बदलूच."

"बदल ना, बापू," वडील म्हणाले. "पण तुह्या मायचं पत्रक मंग कायच्यात उघडशीन?"

हातपंपावरच्या भांडणाचं ते पत्रक आईनं बोलून सांगितलं होतं. आई आता नव्हती. आणि छापील प्रत आमच्याकडे एकाही पत्रकाची नव्हती. घरी उरलेलं पत्रक वाया गेलं, असं वडील मानत. शेवटचा कागदही ते कुणाच्या तरी हातात देऊन येत.

बैठकीत ठरलं, आधी प्रत्येक पत्रकाची एक प्रत काढायची, मगच बदलायचं.

डब्याचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला. मग मी एकेक फाइल उघडू लागलो. आईची फाइल उघडायला लागली आणि पडदा गोठला. मी माऊसला हातही लावला नाही. बऱ्याच वेळानं अक्षरं उमटली आणि प्रिंटर कुरकुरत कागद ओढू लागला.

वडिलांनी तो वाचला आणि सवयीनं जवळ उभ्या शेजारणीच्या हातात दिला. ती घडी घालून निघालीच होती.

"वापस दे, बाई," ते म्हणाले.

पत्रक परत मागताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मी पुढची फाइल उघडली. आतल्या पंख्याचा आवाज चढत चालला होता.