मोठी माय किल्ल्यावर गेली ती संध्याकाळ

गेल्या चैत्रातल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वाचार वाजता, अकोल्याच्या एका हॉटेलच्या पायरीवरून माझ्या मोठ्या मायला उठवलं गेलं. मोठी माय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. खोली तिच्याच नावावर घेतलेली होती, तरी उठवलं. पत्रकात लिहायची सवय आहे म्हणून हे आधीच सरळ लिहून टाकते. आज अमरावतीच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, दरवाजात ती वाचवण्यासाठी पत्रकं वाटता वाटता कुणाच्या तरी ओंजळीतून मोगऱ्याचा ओला, गार वास आला आणि माझा हात मध्येच थांबला. पहिल्यांदा आठवला तो राग. मग हळूहळू ती सगळी संध्याकाळ उलगडत गेली, आणि माझ्याही नकळत मी हसत उभी राहिले.

मोठी माय याच परकोटाच्या सावलीत फुलं विकते. भिंतीवर जाहिराती ठोकणाऱ्यांविरुद्ध मी घसा कोरडा करते तेव्हा ती सुईवरून नजर न काढता टोमणा मारते, "दगडाची मोठी काळजी तुले. दगडाच्या बुडाशी बसते तिले चहा तरी पाज!" तिचं माहेर अकोल्याचं. लहानपणी ती तिच्या आईजवळ असदगडाच्या, म्हणजे तिथल्या किल्ल्याच्या, पायथ्याशी गजरे ओवत बसायची. सगळं बालपण किल्ल्याखाली गेलं, पण वर मात्र ती एकदाही गेली नव्हती. त्यांच्या धंद्याचा नेमच तसा. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, एकदा झाली की टोपली रिकामी होईपर्यंत जागेवर आपलं माणूस हवंच. फुलाकडे पाठ फिरवली तर फूल रुसतं. आई विकायची, ही ओवायची, त्यामुळे हिलाही उठता येत नसे. टोपली रिकामी व्हायची तेव्हा दिवेलागण झालेली असे. मग लग्न झालं, अमरावती आली, आणि किल्ला तिकडेच राहिला. हे मला कळलं तेव्हा मी ठरवलं, की एक दिवस अकोल्याला जायचं, हॉटेलात उतरायचं आणि हिला किल्ला दाखवायचा.

बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकत एसटी निघाली. खिडकीतून भट्टीसारखी हवा आत येत होती आणि मोठी माय ओल्या फडक्याखालची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. टोपली आणू नको म्हणून मी दहादा बजावलं होतं. "माहेरी काय रिकाम्या हातानं जाऊ?" एवढंच तिचं उत्तर. स्टँडवर ऑटोवाल्यानं विचारलं, "हॉटेलात काहून, मावशी? लग्न हाय काय कोनाचं?"

"मी राह्यतो तिथं. काहून, माह्यं तोंड हॉटेलाचं नाई का?"

तो इतका हसला की वळण चुकला.

हॉटेलात मी काउंटरवर फॉर्म भरत होते. ती सावली बघून बाहेर पायरीवर टेकली. आतून एक पाहुणी बाई आली, मोगरा बघून थबकली, "गजरा कसा दिला?" म्हणाली. मोठ्या मायचा हात सवयीनं चालला. गजरा गेला, भवानी झाली, आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं तोवर काउंटरवरचा माणूस बाहेर धावला होता. "ओ बाई, इथं धंदा नाही लावायचा! हो बाजूला!" त्यानं चौकीदाराकरवी टोपली उचलून रस्त्याच्या कडेला ठेववली.

मी अर्थातच पेटले. खोली कुणाच्या नावावर आहे, पाहुणा कोणाला म्हणतात, पायरी कोणासाठी असते, सगळं एका दमात ऐकवलं. त्याचं आपलं एकच, "मॅडम, आम्हाला काय माहीत?" अजून एक तास तरी मी भांडले असते. इतक्यात मागून मोठी माय म्हणाली, "काहून भांडून राहिली वं? तो काय पळून चालला? दिवस चालला."

खरंच होतं. दिवस कलला की तिच्या डोळ्यांना सगळं धुरकट दिसतं, आणि पहाटेच्या गाडीनं तिला अमरावतीचा फूलबाजार गाठायचा होता. किल्ला बघायचा तर हाच उजेड होता. पण पायथ्याशी पोचल्यावर ती टोपली घेऊन खालीच बसली. "आता कशी उठू? भवानी झाली नं."

"मी बसते," मी म्हणाले.

तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुले जमंल? कागदं फुकट वाटनं येगळं." मग फडक्यावर पाणी शिंपडलं, पदर खोचला, आणि भिंतीला हात लावत लावत ती एकटीच वर निघाली.

मी मोर्च्यात देते तशा आरोळ्या दिल्या. एक आजोबा थांबून म्हणाले, "फुलं इकून राहिली का निवडनुकीले उभी हाय?" मग मी गप्प बसले, आणि गप्प बसल्यावर दोन गजरे खपले. तिथं बसून मला पहिल्यांदाच कळलं, की मी ज्याला इतकी वर्षं पत्रकांतून वारसा, वैभव वगैरे म्हणत आले, ते खाली बसणाऱ्या बाईसाठी एक सरकती सावली असतं. सावली सरकेल तशी टोपली सरकवायची. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी किल्ला असाच मोजला, आणि त्या मोजणीची नोंद कुठल्याच पाटीवर नाही.

सूर्य टेकायच्या आधी ती उतरली. धापा टाकत होती, पण चेहरा उजळलेला. मी विचारलं, काय होतं वर?

"काहीच नाई वं. गवत हाय, बुरूज हाय. हवा मात्र मस्त सुटली." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तू दिसली मले वरतून. एवढीशी. टोपली घेऊन बसलेली. मनलं, माही माय अशीच दिसत असंल."

उरलेली फुलं आम्ही दोघींनी मिळून विकून संपवली. हॉटेलवाल्याची माफी अजून आलेली नाही, आणि ती मला हवी आहे, हे इथं नोंदवून ठेवते. पण त्या संध्याकाळी मोठ्या मायच्या आयुष्यातलं काहीतरी पुरं झालं, ते कोणाच्या माफीवाचून अडलं नाही. किल्ले शेकडो वर्षं थांबतात. थांबत नाहीत ते गुडघे, डोळे आणि दिवसाचा उजेड.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती विनंती समजू नका. तुमच्या गावच्या जुन्या भिंतीखाली जी बाई रोज काही ना काही विकत बसते, तिला उद्या विचारा, वर कधी गेलीस का? नाही म्हणाली, तर तिच्या जागी तासभर बसा. उजेड असतानाच बसा.