सुकेळ्यांच्या टोपलीतल्या दोन सिगार

आत्या गेल्यावर तिच्या सुनेने मला विचारलं, "तुम्हाला आठवण म्हणून काय हवं?" मी सुई-दोऱ्याची लाकडी पेटी मागितली. बाकीच्यांचा डोळा पाटल्यांवर असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पेटी आता माझ्या टेबलावर आहे. दोन ओळी लिहिते, झाकण उघडून वास घेते, पुन्हा बंद करते. या वेगाने हे कधी पुरं होईल कोण जाणे.

मुळात ती सिगारची पेटी. आतोबा बोटीवर स्टुअर्ड होते. ते निवृत्त झाले तेव्हा बोटीवरच्या चीफ ऑफिसर साहेबांनी त्यांना पंचवीस क्युबन सिगार भेट दिल्या आणि बजावलं, "नीट सांभाळ. शेवटच्या दोन आपण दोघं तुझ्या वाडीत बसून ओढू."

तेवीस सिगार आतोबांनी सणासुदीला पाहुण्यांसमोर संपवल्या, प्रत्येक वेळी भाषणासकट. "आधी हुंगायची. मग कानाशी धरून हलकेच दाबायची. आवाज आला तर समजायचं, सांभाळणारा गाढव." उरलेल्या दोन कपाटात गेल्या. दर दिवाळीला साहेबांना पत्र जाई: "दोन्ही सिगार आपण सांगितल्याप्रमाणे जपल्या आहेत." मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून पत्र माझ्या हातचं असे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या दिवाळीनंतर साहेबांचं उत्तर आलं: पुढच्या रविवारी येतो.

आतोबांनी लोखंडी कपाट उघडलं. आत्याच्या शालूखाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ती पेटी होती. त्यांनी एक सिगार कानाशी धरून दाबली. ती भाजलेल्या पापडासारखी कुरकुरली. मग हुंगली आणि तोंड फिरवलं. मीही हुंगली. स्टेशनवरच्या मुतारीची आठवण झाली.

"संपलं," आतोबा पलंगावर बसले. "ज्या माणसाने मला टेबल मांडायला शिकवलं, त्याला मी इतकी वर्षं खोटं लिहिलं."

"तुम्ही कुठे? हिने लिहिलं," आत्या माझ्याकडे बघून म्हणाली.

गुन्ह्यात भागीदार म्हटल्यावर मी कॉलेजच्या लायब्ररीतून तंबाखूवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. आत्या वाडीतल्या बांबूच्या मांडवावर सुकेळी परतत होती. राजेळी केळी पिकवून, सोलून आठवडाभर उन्हात घालायची, संध्याकाळी पानांखाली झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. तपकिरी आणि मधासारखी झाली की वाळक्या पानात गुंडाळून बांधायची. ती हे करत होती आणि मी मराठी करून वाचत होते.

"शेंड्याकडच्या पानाला ऊन जास्त मिळतं, म्हणून ते कडक. बुडाकडचं सौम्य. पानं वाळवून त्यांचे ढीग रचतात. ढिगात ती तापतात, घामाघूम होतात, आणि त्यात त्यांचा कडवटपणा जातो. गुंडाळायला शेवटी सगळ्यात देखणं पान घेतात."

"मग हे सुकेळंच की," आत्या म्हणाली. "त्यासाठी क्युबाला कशाला जायचं?"

"अगं, जगातले मोठमोठे लोक ओढतात ती!" आतोबा दुखावले.

"ओढू देत. त्यांना केळी मिळत नसतील."

पुढे चवींची यादी होती: कॉफी, देवदाराचं लाकूड, ओली माती, चामडं.

"चामडं चाखून कोणी बघितलं?" आत्याने विचारलं. याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

मग तिने सूत्रं हाती घेतली. दोन दिवस सिगार सावलीत वाऱ्यावर ठेवल्या, डांबराचा वास उडेपर्यंत. मग दोन्ही अर्धवट वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून तयार सुकेळ्यांच्या टोपलीत ठेवल्या. आतोबा पाण्याचा शिपका मारायला निघाले, तर त्यांचा हात धरला. "पाणी मारलंत की बुरशी. तिची तिला ओल घेऊ दे." सिगार कुठलाही वास ओढून घेते असं मी पुस्तकातून वाचलं मात्र, त्या दिवसापासून पाचूबंदराहून सुके बोंबील आणणं बंद झालं. बोंबलाशिवाय आतोबांना घास उतरत नसे. तेही त्यांनी इज्जतीखातर सोसलं.

शनिवारी शेजारचे आजोबा आले. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात चार दात. येता-जाता टोपलीतलं एक सुकेळं चाखून निकाल द्यायचा त्यांचा हक्क होता आणि आत्या तो निकाल मानायची. मी पुस्तकातून मान वर केली तेव्हा त्यांनी पान सोडून घास घेतला होता. ते सावकाश चावत होते.

"बाय, यंदाचं केळं कडू हाय," ते म्हणाले. "पन वाईट नाय. कोनाच्या वाडीतलं?"

आत्याने सिगार हिसकावून घेतली. दोन बोटं लांबी गेली होती. चारच दात, पण काम चोख.

आतोबांनी दोन्ही सिगार शेजारी ठेवून मापल्या. मग म्हणाले, "अखंड साहेबांना. ही मला." आत्याने चावलेलं टोक विळीवर साफ करून दिलं.

रविवारी साहेब टांग्यातून उतरले. अंगात पांढरेशुभ्र कपडे, पायांत चकचकीत बूट. जेवणानंतर ओट्यावर खुर्च्या मांडल्या. साहेबांनी सिगार हुंगली. कानाशी धरून दाबली. आतोबांनी कान टवकारले. आवाज आला नाही. साहेबांनी ती पेटवली, एक झुरका घेतला आणि डोळे मिटले.

"अरे, बोटीवर ही अशी नव्हती रे! मध आहे हिच्यात. पिकलेलं फळ आहे. कशी ठेवलीस तू?"

आतोबा खुलले. भाषणासाठी त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"बाय! कालचं ते कडू सुकेळं हाय का अजून एखादं? चार दिसांचं अडलेलं पोट एका घासात साफ झालं!"

साहेबांनी हातातल्या सिगारकडे पाहिलं. मग आतोबांच्या आखूड सिगारकडे. मग कुंपणाकडे.

म्हातारा भ्रमिष्ट आहे असं सांगून सुटता आलं असतं. आतोबांचं तोंड त्यासाठी उघडलेलं मी पाहिलं. पण ते उभे राहिले आणि बोटीवर राहत असतील तसे ताठ झाले. "साहेब, मी कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवून मारल्या होत्या. हिने सुकेळ्यांत ठेवून जगवल्या. आणि पत्रं या पोरीने लिहिली."

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती.

साहेब इतके हसले की धूर भलतीकडे जाऊन त्यांना ठसका लागला. मग त्यांनी स्वतः तिसरी खुर्ची ओढली, आत्याला बसवलं आणि सिगार तिच्यापुढे धरली. "वहिनी, निकाल तुम्ही द्या."

आत्याने पदराला हात पुसले. एक झुरका घेतला. धूर नाकातून बाहेर आला, डोळ्यांत पाणी आलं, पण ती खोकली नाही. बोर्डावर निकाल लागायची वाट बघावी तसे आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"अजून दोन दिवस हवे होते," ती म्हणाली. "घाई झाली." सिगार परत देऊन ती आजोबांना खरं सुकेळं द्यायला कुंपणाकडे गेली.

रिकामी पेटी तिने त्याच संध्याकाळी मागून घेतली. "सुया ठेवायला बरी," म्हणाली, "ह्यात गंजायच्या नाहीत." आज मी सगळ्या सुया एकेक करून कागदावर काढल्या. एकही गंजलेली नाही.