भट्टीत बिघडलेली पट्टी

काल गॅसवर तवा विसरले आणि तापलेल्या लोखंडाचा वास घरभर झाला. त्या वासाने मला थेट मानपाड्याच्या कारखान्यात नेलं. नव्वदच्या सुमाराला मी तिथल्या प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. ट्रान्सफॉर्मरसाठी आमच्याकडे कागदाहून पातळ, आरशासारखी चकचकीत धातूची पट्टी यायची. ती भट्टीत अगदी बेताने तापवावी लागे.

भट्टी सांभाळणारे म्हात्रेकाका त्या दिवशी म्हणाले होते, "पोरी, मागच्या बाजूला ही जास्त तापते." पण मी मीटरवर विसंबले. दुपारी पट्टी बाहेर काढली, तर बोट लावताच पापडासारखी मोडली. माझे डोळे भरून आले. नोकरी अजून कायम व्हायची होती.

साहेब दारात आले. "कोणी लावली भट्टी?"

"मी, सर."

तेवढ्यात काका मोठ्याने म्हणाले, "पण पोरी, वितळली तर नाय, मग अशी मोडली कशी?"

मी डोळे पुसून सांगू लागले. हा धातू वितळलेला असताना क्षणात थंड करतात, म्हणून त्याचे अणू विस्कळीतच राहतात. तो जास्त तापला की ते ओळीने रचले जातात, त्यांचे स्फटिक होतात आणि पट्टी ठिसूळ होते. बोलता बोलता माझा आवाज स्थिर झाला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून दोघांनी मिळून भट्टी लावा."

हाच प्रश्न काकांनी मला आदल्या आठवड्यात डबा खाताना विचारला होता, आणि उत्तर त्यांना नीट समजलंही होतं. मग साहेबांसमोर त्यांनी तो मुद्दाम पुन्हा का विचारला, हे माझ्या ध्यानात आलं ते कितीतरी वर्षांनी, माझ्या हाताखाली नवी मुलं आली तेव्हा.