नाश्त्याची बैठक

बापटसाहेबांनी आमच्या कंपनीत आल्या आल्या मागणी केली ती नाश्त्याची, आणि गंमत म्हणजे ते स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी चहापलीकडे काही घेत नसत. संचालक मंडळ नीट काम करतं का, हे बाहेरच्या तटस्थ माणसाकडून तपासून घ्या, अशी गुंतवणूकदारांची अट होती, म्हणून त्यांना बोलावलेलं. मी कंपनी सेक्रेटरी. सगळ्या बैठकांची इतिवृत्तं मी त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा वर सारून त्यांनी डोळे चोळले. "वाचीन हो. पण इतिवृत्तात सगळीच मंडळं शहाणी असतात. तुमचं खरं कुठे ठरतं ते दाखवा."

आमचं खरं ठरायचं पावसला, आप्पांच्या घरी. आप्पा अध्यक्ष, त्यांचे दोघे धाकटे भाऊ आणि बहीण वंदनाताई हे संचालक. बैठकीच्या दिवशी सकाळी पडवीत घावने खाता खाता विषय मिटायचे. मग रत्नागिरीच्या ऑफिसात पुण्याहून आलेल्या दोन संचालकांसमोर फक्त माना हलायच्या. वंदनाताई सकाळी आत घावने घालत असायच्या. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. हे सांगितलं, तसे बापट म्हणाले, "मग मला त्या नाश्त्यालाच न्या."

बापट उंच, जरा वाकलेले, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारे. फार मंडळं बघून हा माणूस दमून गेला होता. पावसला जाताना गाडीत मला म्हणाले, "तपासणी कुणालाच नको असते. शाबासकी हवी असते, आणि ती बाहेरच्याच्या तोंडून."

त्या सकाळी विषय होता पालीचा कारखाना बंद करण्याचा. हंगामात तिथे आंब्याचा रस काढायला गावातल्या बायका यायच्या आणि त्यांचं सगळं वंदनाताईच बघायच्या. तिघा भावांनी बंद करायचं ठरवलं. बापट गुडघ्यांवर हात टेकून उठले, पाणी मागायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत. दुपारी ऑफिसात ठराव आला, तेव्हा ताईंनी नेहमीसारखी मान हलवली.

अहवालात बापटांनी सरळ लिहिलं, की या मंडळाचे निर्णय नाश्त्याला होतात आणि त्या वेळी एक संचालक स्वयंपाकघरात असतात. पालीचा ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा. आप्पा काही दुष्ट माणूस नव्हेत. त्यांनी बापटांना बोलावून मऊपणे सांगितलं, "तेवढं काढा हो. घरातलं आहे ते. आमच्यात वेगळं मत कधी नसतंच."

"त्याचीच मला धास्ती वाटते," बापट म्हणाले. "तुम्ही काढा. फक्त मग खाली माझी सही नसेल."

आवाज चढला नाही, दारही आपटलं नाही. ते उठून गेले. पुढे मुंबईच्या एका फर्मने ईमेलवरून प्रश्न पाठवले, सगळ्यांनी सगळ्याला 'उत्तम' म्हटलं, गुंतवणूकदार खूश झाले. पाली बंद झाली. आप्पांचा शब्द या भागात चालतो, त्यामुळे बापटांना इथली कामं मिळेनाशी झाली. बाजारात भेटले की तक्रार करत नसत, नुसते थकलेले दिसत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं ताणून मिळवलं काय या माणसाने? नोकरीला कंटाळलो की आजही मला हाच प्रश्न पडतो.

यंदा बापट वारले. घरच्यांना भेटायला म्हणून गेलो, तर वंदनाताई आधीच येऊन बसलेल्या. परतताना त्यांना सोडायला निघालो. पावस जवळ आलं.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी आत येऊन त्यांनी मला विचारलंनी, पाली बंद करावी का. मी तव्याशी होते. म्हटलं, नको. का नको तेही सगळं सांगितलं. उभ्याउभ्याने ऐकत राहिले बिचारे."

मी गाडी हळू केली.

"इतकी वर्षं संचालक आहे मी," ताई म्हणाल्या. "मला काय वाटतं, ते तेवढं एकदाच कुणी विचारलं."